बागेची शोभा आणि दुसरी भाजणी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात शिक्षण, वसतिगृह, शिष्यवृत्ती अशा महत्त्वाच्या विषयांवर अधिकारी वक्ते आपल्यापुढे बोलले. त्यांच्यामागून मी उभा राहून बागेत मांडावयाच्या रंगीत मातीच्या वस्तूंविषयी बोलणार आहे, हे ऐकून काही मंडळींना हसू येईल. बागेतले कासव आणि भूछत्र हा काय कुंभार ज्ञातीच्या चिंतनाचा विषय झाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या वस्तूला आपण खेळणे समजतो, तिच्यात आपल्या पुढच्या पिढीच्या पोटाचा आणि मानाचा प्रश्न दडलेला आहे, असे माझे निरीक्षण आहे. तेवढेच आपल्यापुढे मांडावे आणि शेवटी एक सूचना करावी, एवढाच माझा हेतू आहे.

पुण्यातील एका सार्वजनिक कुंभारकाम-केंद्रात यंदा मी काही आठवडे जात होतो. अशा केंद्राला तेथे स्टुडिओ म्हणतात. त्याची रचना मोठी सोपी आहे. एक प्रशस्त खोली, मध्ये लांब टेबले, एका भिंतीला विजेवर फिरणारी सहा-सात चाके, दुसऱ्या भिंतीला फळ्यांची मांडणी आणि मागच्या बाजूस विजेची भट्टी. शुल्क भरावे, माती घ्यावी आणि नेमल्या वेळेत बसून हवे ते घडवावे. येणारांत बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, संगणकाच्या कचेरीत काम करणाऱ्या तरुण मुली होत्या, एक डॉक्टरीणबाई होत्या आणि शाळेतली दोन मुलेही होती. जातीने कोण कोण होते ते मी विचारले नाही; पण आपल्यापैकी विद्यार्थी म्हणून तेथे कोणी नव्हते, एवढे चौकशीअंती कळले.

त्या दिवसांत तेथे बागेच्या शोभेच्या वस्तूंचा वर्ग चालू होता. कुंडीच्या काठावर बसणारे पक्षी, ओलसर कोपऱ्यात ठेवायची भूछत्रे, पाठीवर खवले रंगविलेली कासवे, रोपांची नावे लिहिलेल्या खोचणीच्या पाट्या, वाऱ्याने वाजणाऱ्या घंटांच्या माळा आणि पाखरांना पाणी ठेवण्याचे उथळ परळ, अशा नाना वस्तू मंडळी करीत होती. मी परळ घेतला. काठावर एक साळुंकी बसविली. वस्तू लहान होती, परंतु ती पुरी होईपर्यंत जे जे पाहावयास मिळाले, ते आपल्यासारख्या जाणत्या मंडळींस सांगण्यासारखे आहे.

माती मळण्यापासून वाळवण्यापर्यंतचे शास्त्र आपल्याला नवे नाही. माती चांगली तिंबावी, हवेचे बुडबुडे काढावेत, भरीव अंग आतून पोकळ करावे, जाडी सर्वत्र सारखी ठेवावी आणि सावलीत सावकाश वाळवावे, हे आपल्या आजीला ठाऊक होते. मात्र त्यामागची कारणे तेथे स्पष्ट करून सांगतात. वस्तू आव्यात फुटते ती मुख्यतः आत राहिलेल्या ओलाव्याची एकाएकी वाफ झाल्याने. वरून कोरडी दिसणारी माती जाड असेल तर तिच्या पोटात पाणी असते, म्हणून पोकळ करावयाचे. पुढे आच वाढली की मातीच्या घडणीतच गुंतलेले पाणी निघून जाते आणि मग ती पुन्हा कालवून कधीही माती होत नाही. ५७३ अंश सेल्सिअसला तिच्यातील गारगोटीचे कण एकदम फुगतात आणि थंड होताना त्याच अंशावर पुन्हा आक्रसतात. आवा घाईने उघडला तर मडक्याला चीर का जाते, याचे एक कारण येथे आहे. आपले वडीलधारे आवा पुरता निवेपर्यंत राखेला हात लावू देत नसत. त्यांना अंश माहीत नव्हते, पण शिस्त माहीत होती.

आता खरा फरक पुढे येतो. आपल्या आव्यात वस्तू एकदा भाजली की काम संपले. तेथे पहिली भाजणी सुमारे हजार अंशांवर होते आणि त्यानंतर अर्धे काम सुरू होते. भाजलेल्या, पाणी शोषणाऱ्या अंगावर कुंचल्याने रंग काढतात. हे रंग म्हणजे धातूंच्या भस्मांचे चूर्ण. कोबाल्टचे भस्म काळे दिसते आणि आगीतून निळे होऊन येते. तांब्याचे भस्मही काळे, ते बहुधा हिरवे होते. लोखंडाचे तांबडे चूर्ण मधासारखे किंवा गडद तपकिरी होऊन निघते. मी साळुंकीच्या पंखांना लोखंडाचा रंग दिला आणि परळाच्या तळाला कोबाल्टचा. त्या वेळी ती वस्तू चुलीतून काढलेल्या कोळशासारखी दिसत होती. म्हणजे येथे डोळ्यांना दिसते ते रंगवायचे नसते. पुढे काय होणार आहे ते जाणून रंगवायचे असते. रंगावर पांढुरक्या पाण्यासारखी झिलई चढवितात. ती म्हणजे गार, फेल्डस्पार, थोडी चिनी माती आणि टाकणखारासारखा द्रव आणणारा पदार्थ यांची पूड. नुसती शुद्ध गार वितळण्यास सतराशे अंशांहून अधिक आच लागते. हे इतर पदार्थ तिला कमी आचेवर वितळावयास लावतात. दुसऱ्या भाजणीत ही पूड वितळते आणि वस्तूच्या अंगावर काचेचा पापुद्रा बसतो. रंग त्या काचेखाली कायमचा बंदिस्त होतो.

भट्टी उघडली त्या दिवशी माझा परळ निळाशार होऊन बाहेर आला. शिकविणाऱ्या बाईंनी तो बोटांच्या टोकांवर तोलून धरला आणि नखाने टिचकी मारली. खणखणीत नाद आला. मला त्या क्षणी गोरोबाकाकांची आठवण झाली. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे-पक्के ओळखण्याची ती कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. नादावरून भाजणी ओळखण्याची कसोटी तेथेही तीच आहे. यंत्रे आली, अंश मोजण्याची साधने आली, तरी मडक्याने स्वतः सांगितल्यावाचून कोणाचा विश्वास बसत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे पाश्चात्त्यांचे लाड आहेत. आपल्या परंपरेत रंगीत शोभेच्या वस्तूंना स्थान नव्हते. हे खरे नाही. बेंदराला मातीचे बैल घरोघर पोचविणारे आपणच. दिवाळीत मुलांनी अंगणात बांधलेल्या किल्ल्यावर मावळे, तोफा, वाघ आणि सिंहासनावरचे शिवाजीमहाराज कोणाच्या हातचे असत? ती अंगणाची शोभाच नव्हे काय? तुळशीवृंदावनही मातीचे होते आणि त्यावर रंगीत नक्षी होती. आणखी मागे जावयाचे तर गोरोबाकाकांच्या तेर गावीच जावे. प्राचीन तगर नगर ते हेच. तेथल्या उत्खननांत सातवाहन काळातील मातीच्या आणि पांढऱ्या केओलीन मातीच्या सुबक मूर्ती सापडल्या आहेत. दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून, ते अर्ध जोडून, आतून पोकळ अशा त्या घडविलेल्या आहेत. तेरच्या संग्रहालयात त्या आजही पाहावयास मिळतात. पुण्याच्या त्या केंद्रात प्लास्टरच्या दोन अर्ध्या साच्यांतून भूछत्र काढताना पाहिले, तेव्हा ही युक्ती गोरोबाकाकांच्याही हजार वर्षे आधी त्यांच्याच गावात चालत होती, हे तेथे कोणाला ठाऊक नव्हते. मी ते सांगितले आणि मंडळींनी मोठ्या आदराने ऐकले.

तेव्हा घडविण्यात आपण उणे नव्हतो. उणीव राहिली ती आचेत. बेंदराच्या बैलाला रंग लावला तो भाजल्यावर, वरून लावला. पुष्कळदा बैल भाजलेलाही नसे. सणापुरता तो शोभला आणि पहिल्या पावसात त्याचा रंग वाहून गेला. उलट, आगीतून गेलेला रंग किती टिकतो हे पाहावयाचे असेल तर दूर जाण्याची गरज नाही. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ साली बीदरला बांधलेल्या मदरशाच्या भिंतींवर झिलईच्या रंगीत फरशा आहेत. इमारतीची पडझड झाली, पुष्कळ फरशा गेल्या. पण ज्या उरल्या त्यांचे निळे-हिरवे रंग साडेपाच शतकांच्या उन्हापावसात आजही ओळखता येतात. युरोपातही जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील ग्रेफेनरोडा या लहानशा गावातल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाल टोपीचे दाढीवाले मातीचे बुटके घडवून बागेबागेत पोचविले आणि एका गावाच्या मातीचे नाव जगभर झाले. बागेची शोभा हा लहान धंदा नव्हे, एवढेच यावरून ध्यानात घ्यावे.

मग ही दुसरी भाजणी आपल्या घरी का आली नाही? आपण आळशी होतो म्हणून नव्हे. त्याचे कारण आव्याच्या रचनेत आहे. आव्यात मडक्यावर मडके रचतात, मध्ये गोवऱ्या आणि काटक्या भरतात, वरून राख आणि माती लिंपतात. त्यात आच सातशे ते नऊशे अंशांच्या आसपास जाते. झिलईच्या वस्तू एकमेकींना टेकल्या तर चिकटून एकजीव होतात, त्यांच्यावर राख पडली तर डाग पडतात आणि आच एकसारखी नसेल तर अर्धी झिलई कच्ची राहते. त्यांना बंद कोठडीची भट्टी लागते. ती एका घराच्या ऐपतीची वस्तू नाही. शिवाय भट्टी भरलेली असो वा अर्धी रिकामी असो, विजेचा खर्च जवळजवळ तेवढाच येतो. म्हणजे स्वभावतःच ती सामाईक मालकीची वस्तू आहे. दहा घरांनी मिळून भरली तरच ती परवडते.

येथे मला त्या केंद्रातील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्ग भरे त्या खोलीच्या मागे एक पडवी होती. तेथे साठीच्या पुढचे एक गृहस्थ रोज पोतीभर माती चाळून, भिजवून, मळून ठेवीत. सगळे त्यांना काका म्हणत. मी सहज चौकशी केली तेव्हा ते आपल्याच ज्ञातीचे निघाले. "म्हणजे आपलेच की तुम्ही," असे म्हणून त्यांनी मला बसायला पोते टाकले. चाळीस वर्षे त्यांनी माठ आणि रांजण केले होते. गिऱ्हाईक फ्रिजकडे वळले, माती आणावयाची जागा इमारतींखाली गेली, धुरावरून शेजारी तक्रार करू लागले, तेव्हा चाक बंद झाले. मी विचारले, "मुलगा काय करतो?" ते म्हणाले, "गाडीवरून लोकांची पार्सलं पोचवतो. त्याला मातीत हात घालायची लाज वाटते. आणि इथं बघा, ही पोरं मातीत हात घालायला पैसे भरतात!" हे सांगताना त्यांच्या स्वरात कडवटपणा नव्हता. त्यांना पगार वेळेवर मिळत होता, मान मिळत होता. परंतु पडवीतून वर्गाच्या खोलीत येण्यासाठी जे ज्ञान लागते, ते त्यांना कोणी कधी दिले नव्हते. माती त्यांच्याइतकी जाणणारा त्या इमारतीत दुसरा नव्हता. आणि झिलईची एकही बादली त्यांनी स्वतः कालविली नव्हती.

बंधूंनो, या प्रसंगाचा दोष त्या केंद्रावर ठेवता येणार नाही. ज्ञान ज्याने मिळविले तो वर्गात बसला. आपल्यातील काही जुनी मंडळी म्हणतात की आपली विद्या परक्या हातात गेली. मला उलटे वाटते. विद्या उघड्यावर आली म्हणूनच ती जगली. दिल्लीचे सरदार गुरुचरणसिंग जन्माने कुंभार नव्हते. ते भूगर्भशास्त्र शिकलेले होते. अब्दुल्ला नावाच्या पिढीजात पठाण कारागिराजवळ बसून ते निळ्या भांड्यांचे काम शिकले, जपानात जाऊन आणखी शिकले आणि १९५२ साली त्यांनी दिल्लीत स्वतःचा कारखाना काढून पुढच्या पिढ्यांना शिकविले. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात कुंभारकामाची कर्मशाळा चालविली आणि तेथल्या भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील आकृती झिलईखाली उतरल्या. आपल्या महाराष्ट्रातच भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली ग्रामोदय संघ उभारून खेड्यातील कुंभारांच्या हाती सुधारलेले तंत्र देण्याचा उद्योग आरंभिला. या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. जेथे भट्टी सामाईक झाली आणि शिकविण्याचे दार उघडे राहिले, तेथे कला टिकली.

दुसरा आक्षेप असा की हा श्रीमंतांचा षोक आहे, त्यावर आपले पोट कसे चालणार? त्यास माझे उत्तर असे की, ज्या माणसाने स्वतः एक परळ घडविला आहे त्याला कुंभाराच्या श्रमाची किंमत सांगावी लागत नाही. त्या वर्गातील डॉक्टरीणबाईंना पहिल्या दिवशी चाकावर वाटी साधेना. दोन तासांनी त्या हात धुता धुता म्हणाल्या की यापुढे माठवाल्याशी घासाघीस करणार नाही. असे गिऱ्हाईक जाहिरातीने मिळत नाही. तेथल्या एका बैठकीचे शुल्क आपल्या कित्येक माठांच्या किमतीएवढे होते, हेही लक्षात घ्या. वस्तू विकणे हा एक धंदा. शिकविणे हा दुसरा. आणि दुसऱ्याची वस्तू आपल्या भट्टीत भाजून देणे हा तिसरा. आपण आजवर पहिल्यावरच संसार केला.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या संस्थेच्या इमारतीत मागील बाजूस जी मोकळी जागा आहे, तेथे एक मध्यम आकाराची विजेची भट्टी आणि दोन लांब टेबले मांडावीत. ज्ञातीतील दोन मुले आणि दोन मुली निवडून त्यांना झिलईचे शास्त्र शिकावयास पाठवावे. मुली मी मुद्दाम म्हणतो. स्त्रीने चाकाला हात लावू नये असा दंडक आपल्या पुष्कळ घरांतून होता. पण चूल, शेगडी, बैल घडविणारे आणि रंगविणारे हात त्यांचेच होते. बागेच्या वस्तूंत चाकापेक्षा घडण आणि कुंचला यांचे काम अधिक. शासनाच्या योजनांचाही उपयोग करून घ्यावा. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ साली कुंभार सशक्तीकरणाचा कार्यक्रम सुरू करून विजेची चाके वाटली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत कुंभाराचा समावेश आहे आणि तीत प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये व दोन हप्त्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज, पाच टक्के व्याजाने, अशी तरतूद आहे. विजेचे चाक श्रम वाचविते. परंतु दुसरी आच चाकातून मिळत नाही. ती आपण सर्वांनी मिळूनच पेटविली पाहिजे.

करताना काही पथ्ये पाळावी लागतील. आपली लोहयुक्त लाल माती अकराशे अंशांच्या पुढे सहसा धीर धरीत नाही. ती फुगते, वाकते. तिच्यासाठी कमी आचेची झिलई वापरावी. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा बागेतल्या वस्तूला तेवढे पुरते. झिलई अंगाबरोबर सारखी आक्रसली नाही तर तिच्यावर बारीक तडे जातात. म्हणून प्रत्येक गावच्या मातीची वेगळी परीक्षा करावी. शिशाची झिलई स्वस्त असली तरी ती विषारी आहे. ती वस्तू पाखरांच्या पाण्यासाठी असो वा माणसाच्या, शिसे भट्टीच्या आसपास येऊ देऊ नये. आणि शेवटचे, झिलईच्या मोहाने माठाला काच चढवू नये. माठाचे पाणी गार होते ते त्याच्या अंगातून पाझरते म्हणून. कोठे काच हवी आणि कोठे श्वास हवा, हे ओळखण्याचे शहाणपण आपल्या वाडवडिलांनी आपणास दिले आहे. ते सोडून नवे शिकण्यात लाभ नाही.

पडवीतील ज्या काकांविषयी मी बोललो, तसे काका आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांचे हात अजून शाबूत आहेत, आणि त्यांची नातवंडे शाळेत रसायनशास्त्र शिकत आहेत. या दोघांना एका भट्टीपुढे बसविण्यास फार काळ हातात नाही. पहिली भाजणी आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. दुसरी आपण करावी, एवढीच या संमेलनापुढे माझी विनंती आहे. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार येत्या वर्षात करावा आणि पुढील संमेलनात त्याचा हिशेब द्यावा.